वैरण व इंधन : वजन आणि ऊर्जा यांचा हिशेब

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात जनावरांची वैरण एकाच मापाने विकली जात नाही. पारनेर, कर्जत, जामखेड या भागांत रब्बी ज्वारीचा कडबा शेकडा पेंढ्यांच्या भावाने जातो. प्रवरा व मुळा यांच्या कालव्यांखालील तालुक्यांत उसाचे वाढे मोळीवर किंवा टनावर मिळते. हिरवा मका पुष्कळदा गुंठ्याच्या हिशेबाने उभाच दिला जातो, मुरघास पिशवीत भरून किलोच्या भावाने येतो, आणि सरकी पेंड पोत्याने घ्यावी लागते. ज्याच्या घरी पुरेशी वैरण आहे त्याला या निरनिराळ्या मापांचा विशेष उपद्रव होत नाही. परंतु वैरण विकत घेण्याची पाळी आली म्हणजे मात्र प्रश्न उभा राहतो. १९७२ सालच्या दुष्काळात ही पाळी आली होती. पुढे २०१३ व २०१९ साली दक्षिणेकडील तालुक्यांत जनावरांच्या छावण्या उघडाव्या लागल्या, तेव्हाही आली. अशा वेळी पशुपालकाच्या हाती पैसा थोडा असतो आणि त्या थोड्या पैशात दावणीची जनावरे जगवावयाची असतात. शेकडा पेंढ्या घ्याव्यात, की टनभर वाढे घ्यावे, की मुरघासाच्या पिशव्या घ्याव्यात, याचे उत्तर केवळ भाव ऐकून देता येत नाही.

मापांचा हा गोंधळ जुनाच आहे. पूर्वी धान्य तोलून देण्यापेक्षा मापून देण्याची चाल अधिक होती. दोन मापट्यांचा शेर व चार शेरांची पायली हे कोष्टक जुन्या माणसांना पाठ असे. पायल्यांचा मण मात्र कोठे बारांचा, तर कोठे सोळांचा धरीत. पायली हे जागेचे माप होय. तीत काय भरले आहे त्यावर तिचे वजन अवलंबून असते. शंभर लिटर जागेत चांगला गहू ७५ ते ८० किलो मावतो. त्याच जागेत भुईमुगाच्या वाळलेल्या शेंगा त्याच्या सुमारे एकतृतीयांश वजनाच्याच बसतात. म्हणजे गव्हाची पायली व शेंगांची पायली यांत नावापुरतेच साम्य होते. वजनाचा शेर निराळा. तो ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा असे, आणि अशा ४० शेरांचा मण ३७.३२ किलोग्रॅम भरे. वजने व मापे यांच्या प्रमाणीकरणाचा कायदा १९५६ साली झाला, १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने लागू झाली, आणि १९६२ सालानंतर जुन्या वजनांना व्यवहारात कायदेशीर स्थान उरले नाही. तेव्हापासून जामखेडचा किलो आणि कोपरगावचा किलो एकच झाला. पेंढी व मोळी यांना मात्र हा कायदा अद्याप पोहोचलेला दिसत नाही.

यास्तव पहिले काम तराजूचे आहे. समजा, कडब्याचा भाव शेकडा १,८०० रुपये आहे. पेंढी दीड किलोची असेल तर शंभर पेंढ्यांत दीडशे किलो कडबा येतो व तो किलोस १२ रुपये पडतो. पेंढी दोन किलोची असेल तर तोच कडबा किलोस ९ रुपये पडतो. भाव एकच असून खरेदीत चौथाईचा फरक पडला. गंजीच्या निरनिराळ्या बाजूंच्या दहा पेंढ्या काढून तोलल्या म्हणजे एका पेंढीचे सरासरी वजन समजते. सौदा ठरण्यापूर्वी एवढे केले तरी पुरे.

परंतु सर्व वैरणींचा भाव किलोवर आणला तरी तुलना पुरी होत नाही. किलोभर वाढे आणि किलोभर कडबा ही दोन्ही तराजूच्या काट्याला सारखीच असली, तरी जनावराच्या पोटात गेल्यावर ती सारखी राहत नाहीत. याची कारणे दोन आहेत. एक पाणी, आणि दुसरे, पाणी वगळून जे उरते त्यातून मिळणारी ऊर्जा.

पाण्याचा भाग समजण्यास सोपा आहे. वाळलेल्या कडब्यात शंभर किलोंस दहा किलोंच्या आसपास पाणी असते, म्हणजे कोरडा अंश सुमारे ९० किलो. उसाच्या वाढ्यात कोरडा अंश २५ ते ३० किलो, हिरव्या मक्यात सुमारे २०, आणि कोवळ्या संकरित नेपियर गवतात त्याहूनही कमी असतो. श्रीरामपूर किंवा राहाता भागातून दहा टन वाढे भरून ट्रक पाथर्डीकडे निघाला, तर त्यातील सात टनांहून अधिक पाणीच असते, व त्याचे भाडे वैरणीच्या भावाने द्यावे लागते. याला दुसरीही बाजू आहे, ती सांगितली पाहिजे. जेथे पिण्याचे पाणीच टँकरने येते तेथे हिरव्या वैरणीतले पाणी अगदीच वाया जात नाही. जनावर तेवढे कमी पाणी पिते. तरीही वैरणीच्या भावाने घेतलेले पाणी टँकरच्या पाण्याहून फार महाग पडते. उलट कडब्याची अडचण अशी की तो हलका व पसरट असल्याने ट्रकची जागा आधी भरते आणि वजन मागे राहते. लांबून आणावयाचा असल्यास कुट्टी करून दाबून भरलेला कडबा भाड्याच्या दृष्टीने परवडतो.

ऊर्जेचा भाग थोडा अधिक खोलात जाऊन पाहिला पाहिजे. उष्णता मोजण्याचे परिमाण कॅलरी हे होय. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते ती एक कॅलरी. अशा हजार कॅलरींची एक किलोकॅलरी. शास्त्रीय लिखाणात आता ज्यूल हे परिमाण वापरतात, व एक किलोकॅलरी म्हणजे ४.१८४ किलोज्यूल असे धरतात. जेम्स ज्यूल या इंग्रज शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात पडत्या वजनाच्या साहाय्याने पाणी ढवळून ते किती तापते हे मोजले, आणि काम व उष्णता ही एकाच ऊर्जेची दोन रूपे आहेत हे आकड्यांनी दाखविले. त्यामुळेच बैलाची ओढ, विजेच्या पंपाचे युनिट, चुलीची आंच व गाईचे दूध ही सर्व एकाच मापाने मोजता येतात. विजेचे एक युनिट म्हणजे ८६० किलोकॅलरी आणि एक अश्वशक्ती एक तास चालली म्हणजे सुमारे ६४२ किलोकॅलरी.

आता कोणताही पूर्ण कोरडा पदार्थ बंद पोलादी पात्रात प्राणवायू भरून जाळला, तर त्यातील सर्व उष्णता बाहेर पडते व ती मोजता येते. पिष्ट पदार्थांचा एक ग्रॅम सुमारे ४.२ किलोकॅलरी, प्रथिनांचा सुमारे ५.६, आणि तेलाचा किंवा चरबीचा सुमारे ९.४ किलोकॅलरी उष्णता देतो. येथपर्यंत सरळ आहे. परंतु या रीतीने मक्याचे दाणे व धान्याचा वाळलेला पेंढा ही दोन्ही जाळून पाहिली, तर कोरड्या किलोमागे दोहोंतून जवळजवळ सारखीच, म्हणजे ४,४०० ते ४,५०० किलोकॅलरींच्या आसपास उष्णता निघते! भट्टीच्या दृष्टीने दाणा आणि काडी यांत फारसा भेद नाही. गाईच्या दृष्टीने मात्र मोठा भेद आहे, व तो पचनाचा आहे. दाण्यातील पिष्ट सहज पचते. काडीतील तंतू गाईच्या पोटातील सूक्ष्म जीवांना फोडावा लागतो. त्यातही पीक जून झाले म्हणजे तंतूभोवती लिग्निनचे कठीण कवच तयार होते व ते या जीवांनाही फुटत नाही. न पचलेला भाग शेणातून बाहेर पडतो. शेणाची गोवरी चांगली जळते याचे कारण हेच की वैरणीतील ऊर्जेचा मोठा हिस्सा तिच्यात शिल्लक राहिलेला असतो.

म्हणून पशुखाद्याचा हिशेब जळणाऱ्या ऊर्जेवर न करता पचणाऱ्या भागावर करण्याची पद्धत पडली. वैरणीतील पचनीय प्रथिने, पचनीय तंतू व पचनीय पिष्ट-शर्करा यांची बेरीज करावयाची, आणि त्यात पचनीय स्निग्धांश सव्वादोन पट करून मिळवावयाचा. कारण स्निग्धांशाची ऊर्जा इतरांच्या सुमारे तेवढ्या पट आहे. या बेरजेस एकूण पचनीय अन्नघटक म्हणतात. खाद्याच्या पोत्यावर किंवा प्रयोगशाळेच्या दाखल्यावर टी.डी.एन. ही अक्षरे दिसतात ती याचीच. एक किलो पचनीय अन्नघटक म्हणजे सुमारे ४,४०० किलोकॅलरी पचलेली ऊर्जा असे समीकरण आहे. पशुपालकाने किलोकॅलरींत शिरण्याची गरज नाही. पचनीय अन्नघटकांचा किलो हेच त्याचे सोयीचे माप होय.

आपल्याकडील नेहमीच्या वैरणी व खाद्ये यांचे अंदाजी आकडे पुढीलप्रमाणे धरता येतात. पहिला आकडा शंभर किलोंतील कोरड्या अंशाचा व दुसरा पचनीय अन्नघटकांचा, दोन्ही किलोत :

ज्वारीचा कडबा : ९० — ४५
गव्हाचे काड : ९० — ३८
मक्याचा मुरघास : ३० — १८
हिरवा मका : २० — १२
उसाचे वाढे : २८ — १३
लसूण घास : २० — १२
संकरित नेपियर : १८ — १०
मक्याचा भरडा : ८८ — ७५
सरकी पेंड : ९२ — ६६

हे आकडे वाण, कापणीची वेळ आणि साठवण यांप्रमाणे मागेपुढे होतात. दाणे पक्के झाल्यावर बरेच दिवस शेतात उभा राहिलेला कडबा, किंवा पावसात भिजून काळा पडलेला कडबा, ४५ किलो देणार नाही. तथापि तुलनेसाठी ते पुरेसे आहेत.

आता भाव लावून पाहावा. पुढील भाव केवळ गणितासाठी घेतले आहेत. प्रत्येकाने आपल्या बाजारचे घालावेत. कडबा किलोस ९ रुपये असेल, तर ९ ला ०.४५ ने भागून पचनीय अन्नघटकांचा एक किलो २० रुपयांस पडतो. वाढे साडेतीन रुपये किलो असले तर तोच किलो सुमारे २७ रुपयांस, हिरवा मका तीन रुपये असला तर २५ रुपयांस, आणि मुरघास साडेसहा रुपये असला तर सुमारे ३६ रुपयांस पडतो. मक्याचा भरडा २४ रुपये किलो हा भाव ऐकताना महाग वाटतो, परंतु त्यातील पचनीय किलो ३२ रुपयांस, म्हणजे वरील मुरघासाहून स्वस्त पडतो. ३५ रुपयांची सरकी पेंड मात्र ५३ रुपयांस जाते. पेंड ही मुख्यतः प्रथिनांसाठी घ्यावयाची असते. नुसती ताकद यावी म्हणून पेंड वाढवीत नेणे हा बहुतेक गोठ्यांतील खर्चाचा मोठा दोष आहे.

या गणितात एक गोष्ट सुटते, ती गव्हाणीत शिल्लक राहणारी वैरण. अख्खी पेंढी टाकली म्हणजे जनावर पाने व शेंडे खाते आणि जाड बुडखे टाकून देते. तिसरा हिस्सा वाया गेला असे धरले, तर वरचा २० रुपयांचा किलो ३० रुपयांचा होतो आणि कडब्याचा स्वस्तपणा संपतो. कुट्टीयंत्राचा खर्च यातूनच भरून येतो. बुडखे तोडून बारीक केले तरी त्यांची पचनीयता वाढत नाही, हे खरे. परंतु ते पोटात जातात, हा फायदा लहान नाही.

गव्हाचे काड किंवा हलक्या प्रतीचा कडबा यांची पचनीयता वाढविण्याचा उपाय युरिया प्रक्रियेचा आहे. शंभर किलो काडास चार किलो युरिया सुमारे पन्नास लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून सारखा शिंपडावा, थर दाबून वर प्लॅस्टिकचा कागद हवाबंद बसवावा, व तीन आठवड्यांनी काढून हवा लागू दिल्यावर थोडे थोडे सुरू करावे. युरियाचे खडे राहिले किंवा तो पाणी जनावराच्या तोंडी गेले तर विषबाधा होऊन जनावर दगावते. सबब हे काम प्रथम पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांच्या समक्ष करणे इष्ट. सहा महिन्यांखालील वासरांना ही वैरण देऊ नये.

जनावराच्या पोटाची मर्यादा

किती खर्चात किती ऊर्जा मिळते हे पाहिल्यावर, ती ऊर्जा जनावर खाऊ शकेल की नाही हे पाहावे लागते. जनावराचे पोट काही अमर्याद नाही. दुभती गाय दिवसाला आपल्या वजनाच्या शेकडा अडीच ते तीन इतका कोरडा अंश खाते. वैरण निकस असेल तर याहून कमी. ४०० किलो वजनाच्या गाईस हे प्रमाण १० ते १२ किलो येते.

अशी गाय रोज दहा लिटर दूध देते, आणि दुधास साडेतीन फॅट लागते असे समजू. केवळ शरीर पोसण्यास तिला सुमारे तीन किलो पचनीय अन्नघटक लागतात. दुधाच्या प्रत्येक लिटरमागे सुमारे तीनशे ग्रॅम धरले तर आणखी तीन किलो, म्हणजे एकूण सहा किलो. आता तिच्यापुढे चाळीस किलो संकरित नेपियर टाकले. ढीग मोठा दिसतो, मालक समाधानाने पाहतो, गायही खाऊन रवंथ करीत बसते. परंतु त्यात पचनीय अन्नघटक चारच किलो आहेत. नऊ किलो कडब्यात नेमके तेवढेच असतात! उरलेल्या दोन किलोंची तूट गाय काही दिवस आपल्या अंगच्या चरबीतून भरून काढते. नंतर ती वाळते, दूध उतरते, आणि माजावर येणे लांबते. रोगाची शंका घेऊन औषधावर खर्च होतो, तेव्हा प्रत्यक्षात उणीव दोन किलोंची असते. अडीच ते तीन किलो मक्याच्या भरड्याने ती भरून निघाली असती. भरडा एकदम न वाढवता आठवडाभरात थोडा थोडा वाढवावा, नाहीतर पोटात आम्लता होते.

गावठी गाय चार लिटर दूध देई तेव्हा हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. संकरित गाईंमुळे तो तीव्र झाला आहे. राहुरी येथे १९६८ साली स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने गीर, होल्स्टिन फ्रिजियन व जर्सी या तीन जातींच्या संकरातून फुले त्रिवेणी ही गाय तयार केली. संगमनेर, राहाता, कोपरगाव भागांत संकरित गाईंवर संसार चालणारी घरे पुष्कळ आहेत. अशा गाईचे दूध वाढते त्या मानाने पोट वाढत नाही. म्हणून दूध जितके अधिक तितकी वैरण घट्ट, म्हणजे दर किलोस अधिक ऊर्जा देणारी, असावी लागते. भाकड जनावरास व कामावर नसलेल्या बैलास याची जरूर नाही. टंचाईच्या दिवसांत घरातील चांगली वैरण सर्वांना सारखी वाटण्याचा रिवाज ममतेचा असला तरी हिशेबाचा नाही.

ऊर्जा भरली म्हणजे सर्व भरले असेही समजू नये. कडब्यात प्रथिने फार थोडी असतात. त्याच्या जोडीस लसूण घास किंवा पेंड लागतेच. लोणी येथील सहकारी साखर कारखान्याचा पहिला गळीत हंगाम १९५०-५१ साली झाला. त्यानंतर जिल्ह्यात कारखाने वाढत गेले तसे वाढेही मुबलक झाले, व टंचाईत त्याचा आधार मोठा आहे. परंतु वाढ्यात ऑक्झॅलेट असते. ते शरीरातील चुन्याशी संयोग पावते आणि चुना लघवी-शेणावाटे निघून जातो. केवळ वाढ्यावर महिना-महिना ठेवलेली गाय अशक्त होते ती यामुळे. वाढ्यावर चुन्याची निवळी शिंपडावी, खनिज मिश्रण द्यावे, आणि निम्मी तरी वैरण दुसरी असावी.

दुधाच्या बाबतीतही लिटर व ऊर्जा या दोन गोष्टी भिन्न आहेत. चार टक्के स्निग्धांशाच्या एक किलो दुधात सुमारे ७५० किलोकॅलरी असतात, आणि कोणतेही दूध या मापावर आणण्याची रीत अशी : दुधाच्या वजनाची ०.४ पट घ्यावी व तीत स्निग्धांशाच्या वजनाची १५ पट मिळवावी. साडेतीन टक्क्यांचे गाईचे एक किलो दूध या रीतीने ०.९२५ किलो भरते. सात टक्क्यांचे म्हशीचे दूध १.४५ किलो भरते. म्हणजे म्हशीचे सहा-साडेसहा लिटर हे गाईच्या दहा लिटरांबरोबर आहेत, आणि त्यांना खाद्यही जवळजवळ तेवढेच लागते. म्हैस दूध कमी देते म्हणून तिचा खुराक कमी करणे हे त्यामुळे चुकीचे ठरते.

घरी कोरडा अंश काढण्याची रीत

विकत घ्यावयाच्या हिरव्या वैरणीत पाणी किती आहे हे पाहण्यास प्रयोगशाळाच पाहिजे असे नाही. ढिगातून पाच-सहा ठिकाणची वैरण घेऊन बारीक तोडावी, मिसळावी, आणि त्यातील एक किलो काटेकोर तोलून स्वच्छ कापडावर कडक उन्हात पातळ पसरावी. रात्री दव लागू नये म्हणून घरात घ्यावी. दोन-तीन दिवसांनी तोलावी व दुसऱ्या दिवशी पुन्हा तोलावी. वजन उतरायचे थांबले म्हणजे वाळवण पुरी झाली. जे उरले त्यातही दहावा हिस्सा पाणी असतेच, म्हणून ते कडब्याच्या बरोबरीचे समजावे. किलोभर वैरण वाळून २५० ग्रॅम उरली, तर चार किलो हिरवी वैरण ही एक किलो वाळलेल्या वैरणीइतकी, आणि तिचा भाव वाळल्या वैरणीच्या चौथाईहून फार अधिक देणे परवडणार नाही, एवढा निर्णय त्यावरून घेता येतो. मुरघासास ही रीत थोडी कमी लागू पडते, कारण त्यातील काही आम्ले वाळताना उडून जातात व आकडा जरा कमी येतो. तरी पाणचट मुरघास ओळखण्यास ती पुरते. मूठभर मुरघास घट्ट दाबल्यावर बोटांतून पाणी ठिबकले, तर तो भाव कमी करून मागावा.

चुलाण आणि चूल

हाच हिशेब इंधनास लावला म्हणजे पाण्याचा परिणाम अधिक स्पष्ट होतो. जनावराच्या पोटात पाणी नुसती जागा अडविते. आगीत मात्र ते उष्णता खाते. एक किलो पाण्याची वाफ होण्यास उकळबिंदूवर सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात, व थंड पाणी तेथवर तापविण्याची उष्णता निराळी. गुऱ्हाळाच्या किंवा कारखान्याच्या चरकातून निघालेल्या ओल्या चिपाडात निम्मे पाणी असते. असे एक किलो चिपाड जाळले तर उपयोगी पडणारी उष्णता सुमारे १,८०० किलोकॅलरी येते. तेच चिपाड उन्हात पसरून पाण्याचे प्रमाण दहा टक्क्यांवर आणले, तर किलोचे साडेपाचशे ग्रॅम उरते, आणि त्यातून सुमारे २,१०० किलोकॅलरी मिळतात. वजन निम्म्याजवळ आले आणि उष्णता सहाव्या हिश्श्याने वाढली. ज्योतही अधिक प्रखर लागते, त्यामुळे कढई लवकर उतरते. चिपाड वाळविण्यास जागा व मजुरी लागते म्हणून ओलेच सारणारे गुऱ्हाळ हंगामाच्या अखेरीस लाकूड विकत घेताना दिसते, त्याचे कारण येथे आहे. जळण वजनावर विकत घ्यावयाचे झाल्यास ते वाळल्यावरच तोलून घ्यावे, हे वेगळे सांगावयास नको.

घरच्या चुलीत पदार्थाइतकीच चूलही पाहावी लागते. हवेवर वाळलेले लाकूड किलोस सुमारे ३,५०० किलोकॅलरी देते, परंतु तीन दगडांच्या चुलीवर त्यातील आठवा हिस्सा देखील मुश्किलीने भांड्यास पोहोचतो. बाकी धुरात व वाऱ्यावर जाते. स्वयंपाकाचा गॅस किलोस सुमारे ११,००० किलोकॅलरी देतो व शेगडीवर त्याचा अर्ध्याहून अधिक भाग भांड्यास मिळतो. म्हणून १४.२ किलो गॅसची एक टाकी ही सुमारे दोनशे किलो लाकडाचे काम करते. केवळ इंधनाची ऊर्जा पाहिली असती तर ती ४५ किलो लाकडाइतकी वाटली असती.

शेणाचे असेच आहे. पंचवीस किलो ओल्या शेणात कोरडा अंश सुमारे पाच किलो. त्याच्या गोवऱ्या लावल्या तर साडेपाच किलोंच्या आसपास होतात; गोवरीची उष्णता किलोस दोन ते अडीच हजार किलोकॅलरी, आणि चुलीवर त्यातील दहावा हिस्सा कामी येतो, म्हणजे हजार ते चौदाशे किलोकॅलरी. तेच पंचवीस किलो शेण गोबर गॅस संयंत्रात घातले तर सुमारे एक घनमीटर वायू मिळतो. त्याची ऊर्जा ४,७०० किलोकॅलरींच्या आसपास, आणि निम्मी भांड्यास पोहोचली तरी ती गोवऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट होते. गोवरी जळाली म्हणजे तिच्यातील नत्र हवेत जाते. संयंत्रातून बाहेर येणाऱ्या मळीत ते बव्हंशी टिकते व शेतास मिळते. हिवाळ्यात, विशेषतः अकोले तालुक्याच्या डोंगराळ भागात, थंडीमुळे वायू कमी तयार होतो. त्या महिन्यांत शेण कालविण्यास कोमट पाणी वापरावे, व संयंत्राभोवती पाचट किंवा काड रचून ठेवावे.